चार भाषांचा कारखाना: बेळगाव भागात मिश्र माणसांची घडी कशी बसवायची

उद्यमबाग, मच्छे, होनगा या बेळगावच्या औद्योगिक पट्ट्यात नवं युनिट उघडणारे पुष्कळदा विचारतात, "माणसं सगळ्या भाषांची आहेत, जमवून कसं घ्यायचं?" मी गेली वीस वर्षं मशीन शॉप सांभाळतो आहे आणि एकच चूक पुन्हा पुन्हा होताना पाहतो. सुरुवात कार्यक्रमाने केली जाते. एक दिवस ठरतो, कुणी फेटा बांधतं, कुणी इलकल साडी नेसून येतं, फोटो निघतात. दुसऱ्या दिवशी बोर्डावर नोटीस लागते आणि निम्म्या माणसांना ती वाचता येत नाही. सणाची रजा मागणाऱ्याला उत्तर मिळतं, "आता तुमचं आणखी काय नवीन?" मग त्या फोटोचा काय उपयोग?

कार्यक्रम सगळ्यात शेवटी ठेवा. आधी वही, मग हाक, मग धोक्याचे शब्द, मग पाट्या, सुट्ट्या, डबा, बैठक आणि ताणाचे दिवस. हा क्रम मी ठेच लागल्यावर ठरवला आहे. इथे उदाहरण कारखान्याचं घेतलं असलं, तरी दुकान, दवाखाना, पतसंस्था किंवा निवासी सोसायटीलाही तो थोड्या फरकाने लागू पडेल.

काम नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सुरू करा. पंधरा-वीस दिवसांत तयारी होते आणि सुट्ट्यांची यादी वर्षअखेरीच्या आत हातात येते. ऑक्टोबरच्या शेवटी मात्र सुरू करू नका. १ नोव्हेंबर तोंडावर असतो आणि त्या दिवसांत इथे भाषेचा साधा प्रश्न विचारला, तरी तो साधा राहत नाही (का ते टप्पा ८ मध्ये).

## टप्पा १: आधी वही करा

आडनावावरून भाषा ओळखता येते, हा समज पहिल्यांदा सोडा. पाटील, देसाई, कुलकर्णी ही आडनावं इथे कन्नड घरांत आहेत तशीच मराठी घरांतही आहेत. पाटील मराठा असेल, लिंगायत असेल, जैनही असेल. कल्लाप्पा, यल्लाप्पा, नागाप्पा ही नावं ऐकून बाहेरचा माणूस कन्नड बोलू लागतो, आणि समोरचा येळ्ळूरचा पक्का मराठी निघतो.

कुणाला कुठली भाषा येते, हे ज्या वहीत लिहायचं, तीत "मातृभाषा" असा एकच रकाना ठेवू नका. चार ठेवा: घरी काय बोलता, कामावर काय समजतं, काय वाचता येतं, आणि लेखी सूचना कोणत्या भाषेत हवी.

बोलणं आणि वाचणं वेगवेगळं धरण्यातच खरी गोम आहे. खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकलेला मुलगा सफाईने कन्नड बोलतो, पण कन्नड नोटिशीपुढे गप्प उभा राहतो. बैलहोंगलकडचा कन्नड माणूस शाळेतल्या हिंदीमुळे देवनागरी अक्षरं लावतो, पण मराठी वाक्याचा अर्थ त्याला अर्धाच लागतो. उर्दू शाळेतून आलेली बाई कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही बोलते, पण वाचते उर्दू. महाराष्ट्रातल्या चंदगड तालुक्यातून रोज ये-जा करणाऱ्याला कन्नड जवळजवळ येत नाही. फौंड्रीत बिहार-उत्तर प्रदेशातून आलेल्या पोरांची सगळी भिस्त हिंदीवर असते.

विचारायला दोघांनी बसावं, एक कन्नड बोलणारा आणि एक मराठी. माणसाला एकटं बोलवा. जात आणि धर्म विचारू नका, त्यांची गरजच नाही. जेवणाची किंवा रजेची काही खास गरज असेल तर सांगा म्हणावं. सांगितली तर लिहून घ्या, नाही तर पुढे चला.

इशारा: "हे वाचून दाखवा" असं कधीही म्हणू नका. ज्याला वाचता येत नाही तो त्या एका वाक्याने कायमचा दुखावतो. एकच मजकूर दोन लिप्यांत लिहिलेल्या दोन चिठ्ठ्या पुढे ठेवा आणि "यातली कुठली घेऊन जाता?" एवढंच विचारा. दोन्ही तशाच राहिल्या, तर त्या माणसाला सगळं तोंडी सांगायचं, हे तुम्हाला कळलं.

## टप्पा २: नाव आणि हाक

नाव कागदावर आधारमधल्या इंग्रजी अक्षरांप्रमाणेच लिहा, कारण एका अक्षराच्या फरकाने पीएफचा दावा अडकतो. उच्चार मात्र त्या माणसाच्या तोंडून ऐका आणि वहीत त्याच्या शेजारी देवनागरीत टिपून ठेवा.

हाकेत आपल्या मराठी लोकांची एक चूक ठरलेली आहे. कोल्हापूर-बेळगावकडे जिव्हाळ्याने "काय रे" म्हटलेलं चालतं, म्हणून आपण कन्नडमध्येही सरसकट "नीनु", म्हणजे "तू", म्हणतो. उत्तर कर्नाटकच्या बोलीत आदर शेवटच्या "री"मध्ये असतो. "बर्री" म्हणजे या, "हेळ्री" म्हणजे सांगा, "कूड्री" म्हणजे बसा. हा "री" गाळून वयाने मोठ्या माणसाशी बोललात, तर त्याला अरे-तुरे केल्यासारखं लागतं. तो बोलून दाखवत नाही, पण काम सांगायला तुमच्याकडे येणं बंद करतो.

उलट बाजूही समजून घ्या. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना तो-ती नसतं. त्यामुळे कन्नड माणूस मराठीत "तो मशीन", "ती पाना" म्हणतो. त्यावर हसू नका, कुणाला हसू देऊ नका. आपणही "मी काम केलो" म्हणतोच ना? पुण्याचा माणूस त्याला हसतो तेव्हा कसं वाटतं, ते आठवा.

हाकेसाठी अण्णा, अक्का आणि अप्पा हे शब्द दोन्ही भाषांचे आहेत. ते खुशाल वापरा. मधल्या सुट्टीत "ऊट आत्री?" म्हणजे "जेवण झालं का?" एवढं विचारता आलं, तरी पुढचा अर्धा रस्ता सोपा होतो.

तपासणी: आठवड्याने प्रत्येक सुपरवायझरला त्याच्या हाताखालच्या माणसांची नावं म्हणायला सांगा. "तो हिंदीवाला", "ती कन्नडवाली बाई" असं तोंडातून आलं, तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा ३: धोक्याचे शब्द आधी ठरवा

ही गोष्ट आमच्याच शॉपमधली आहे. कन्नड हेल्परने मराठी ऑपरेटरला ओरडून सांगितलं, "टाकी खाली आहे." कन्नड आणि हिंदीत "खाली" म्हणजे रिकामी. मराठीत खाली म्हणजे तळाकडे, आणि टाकी होतीही तळाशीच. ऑपरेटरने मान हलवली आणि पंप चालू केला. पंप कोरडा फिरला, सील जळालं. नुकसान पैशांचं होतं, भरून निघालं. पण दोघांना एकमेकांवर खापर फोडताना पाहिलं तेव्हा कळलं की चूक दोघांचीही नव्हती. शब्द ठरवून दिले नव्हते, ती चूक माझी.

असे फसवे शब्द बरेच आहेत. कन्नडमध्ये "मेले" म्हणजे वर, आणि मराठी कानाला ते काय वाटतं ते सांगायला नको. कन्नड "अवसर" म्हणजे घाई, मराठीत अवसर म्हणजे संधी. "मला अनुमान आहे" असं कन्नड माणूस म्हणतो तेव्हा त्याला शंका आलेली असते. आपण मात्र त्याचा अंदाज समजतो आणि दुर्लक्ष करतो. गुणवत्ता तपासणीत हा शब्द फार महाग पडतो.

दिवसांचंही तसंच. मराठी "परवा" मागचाही असतो आणि पुढचाही, हिंदी "कल" कालचाही आणि उद्याचाही. कन्नडमध्ये मागच्याला "मोन्ने" आणि पुढच्याला "नाडिद्दु" असे दोन वेगळे शब्द आहेत, त्यामुळे कन्नड माणूस आपल्या "परवा"पाशी अडतो.

काय करायचं ते क्रमाने सांगतो.

1. जुन्या कामगारांना घेऊन बसा आणि गोंधळाचे शब्द त्यांच्याकडूनच गोळा करा. तासाभरात पंधरा-वीस सहज निघतात.
2. प्रत्येक अर्थाला सगळ्यांसाठी एकच शब्द ठरवा. आमच्याकडे "खाली" हा शब्द मशीनपाशी बंद आहे. रिकाम्याला "एम्प्टी", थांबवायला "स्टॉप", आणि दिशा हाताने दाखवायची.
3. दिवस सांगू नका, तारीख लिहा.
4. जॉबकार्डावर इंग्रजी आकडेच असू द्या. कन्नड एक हा नवख्या डोळ्याला देवनागरी शून्यासारखा दिसतो, आणि मापात शून्याची चूक परवडत नाही.

तपासणी: सूचना दिल्यावर "समजलं का?" विचारू नका, सगळे हो म्हणतात. "आता तुम्ही काय करणार ते सांगा" म्हणा.

## टप्पा ४: पाट्या आणि नोटिसा

दर्शनी पाटीचा प्रश्न कायद्याने सोडवला आहे. २०२४च्या दुरुस्तीनंतर कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं, आणि तेही वरच्या भागात. यावर वाद घालण्यात दिवस घालवू नका. पाटी नियमाप्रमाणे करा आणि लक्ष आतल्या बोर्डाकडे द्या, कारण माणसाचं रोजचं काम आतल्या कागदावर चालतं.

आत प्रत्येक नोटीस कन्नड आणि मराठीत लावा, हिंदीवाले असतील तर हिंदीतही. अक्षरं सारख्या आकाराची ठेवा. तारीख एकच घाला आणि सगळे कागद एकाच वेळी लावा. सगळ्यात जास्त चुकतं ते इथे. एका भाषेतली नोटीस सोमवारी लागते आणि दुसरी "टायपिंग व्हायचं आहे" म्हणून गुरुवारी. मधले तीन दिवस लोक काय बोलतात ते साहेबांच्या कानावर येत नाही.

भाषांतर मोबाइलवर करून तसंच चिकटवू नका. ती भाषा घरी बोलणाऱ्या माणसाने एकदा वाचलंच पाहिजे.

## टप्पा ५: सुट्ट्यांची यादी

भांडणं इथेच जास्त होतात, म्हणून या टप्प्याला वेळ द्या.

कर्नाटकच्या १९६३च्या औद्योगिक आस्थापनांच्या राष्ट्रीय व सणांच्या सुट्ट्यांच्या कायद्यानुसार २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १ नोव्हेंबर हे पाच दिवस ठरलेले आहेत. त्याशिवाय सणांच्या आणखी पाच सुट्ट्या द्यायच्या असतात. आपल्या हातात काय ते या दुसऱ्या पाचांत.

या पाच सुट्ट्या बहुमताने ठरवू नका. हात वर करायला लावलं की संख्येने थोडे असलेल्यांना दरवर्षी हरायचं, हे पहिल्याच दिवशी पक्कं होतं. आधी सगळ्यांचे समान सण काढा. आपला पाडवा तोच कन्नड युगादी. आपण गुढी उभारून कडुलिंब खातो, ते कडुलिंब-गूळ म्हणजे "बेवु-बेल्ल" वाटतात. गणेश चतुर्थी, दसरा आणि दिवाळी समान आहेतच. कन्नड आणि मराठी महिने अमावास्येलाच संपतात, त्यामुळे तिथ्यांचा घोळ होत नाही. उरलेली सुट्टी रमजान ईदला द्या. वर दोन ऐच्छिक रजा ठेवा, ज्याला जो दिवस महत्त्वाचा त्याने तो घ्यावा.

ऐच्छिक रजा कुठे लागते ते माहीत असलं की नियोजन सोपं जातं. बेळगावात शिवजयंती परंपरेने वैशाख शुद्ध द्वितीयेला होते, आणि लगेच दुसऱ्या दिवशी, तृतीयेला, बसव जयंती येते. २०२२ मध्ये २ मेला शिवजयंती होती, आणि ३ मेला बसव जयंती, अक्षय तृतीया आणि रमजान ईद एकत्र आली. आदला १ मे रविवार होता. त्या आठवड्याची डिलिव्हरी कबूल करताना पंचांग न पाहणारे तोंडघशी पडले. २०२३ मध्ये २८ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी होती. म्हणून यादी करतानाच मराठी कॅलेंडर, कन्नड कॅलेंडर आणि चंद्रदर्शनाच्या अंदाजी तारखा शेजारी ठेवून पुढच्या बारा महिन्यांवर खुणा करा. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि एका दिवसाचा फरक चंद्रावर ठरतो, तेव्हा यादीत तसं लिहूनच टाका.

नागपंचमी आपण घरी पूजा करून कामावर येतो. उत्तर कर्नाटकातल्या बायकांना मात्र तो माहेरचा मोठा सण आहे, झोके आणि लाडू घेऊन येणारा. "पंचमीला कसली रजा?" असं मराठी सुपरवायझरने म्हणणं हे, गौरीला कसली रजा म्हणण्यासारखंच आहे. उत्तरेकडच्या मुलांचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. आणि दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ येते, तेव्हा त्यांना गावी जायचं असतं. हे आठवडे आधीच धरून ठेवा.

हे हमखास विसरलं जातं: महाराष्ट्रात मतदार असलेले कामगार. मतदानाच्या दिवशी मतदाराला पगारी सुट्टी देणं लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३५-ब नुसार बंधनकारक आहे. १० मे २०२३ला कर्नाटक विधानसभेचं मतदान होतं, तेव्हा सगळं बंदच होतं. पण २० नोव्हेंबर २०२४ला महाराष्ट्रात मतदान झालं, तेव्हा बेळगावात रोजच्यासारखं काम होतं. चंदगडकरांना त्या दिवशी अडवून ठेवणं चूकच.

शाळांकडेही लक्ष असू द्या. कर्नाटकात मोठी मधली सुट्टी दसऱ्याला असते, महाराष्ट्रात दिवाळीला. पोरं कुठल्या शाळेत आहेत यावर आई-बापांची रजा ठरते.

तपासणी: तयार यादी लावण्याआधी प्रत्येक गटातल्या एकाला दाखवा आणि "तुमच्या घरी या यादीवर काय म्हणतील?" असं विचारा. यादी वर्षअखेरीच्या आत कामगार निरीक्षकाकडे पाठवा आणि बोर्डावर लावा.

## टप्पा ६: डबा आणि चहा

थोडक्यात सांगतो. फ्रीजमध्ये शाकाहारी डब्यांचा कप्पा वेगळा आणि वरचा ठेवा. गरम करायची भांडी दोन असू द्या. लिंगायत, जैन आणि माळकरी या तिघांचं शाकाहारीपण सारखं नाही. जैन सहकारी बटाटा-कांदाही टाळत असेल आणि सूर्यास्ताआधी जेवत असेल, तर त्याची जेवणाची सुट्टी त्याप्रमाणे लावा. रमजानमध्ये रोजा धरणाऱ्याला भट्टीपुढे दुपारची पाळी देऊ नका, त्याच्याशी बोलून सकाळची द्या.

कुणाच्या डब्यावरून टिंगल झाली तर त्याच क्षणी थांबवा. मटणावरून असो की कांदा न खाण्यावरून.

## टप्पा ७: बैठक

महत्त्वाची गोष्ट दोनदा सांगा, एकदा कन्नडमध्ये आणि एकदा मराठीत, आणि दुसऱ्यांदाही पूर्ण. दहा मिनिटं एका भाषेत बोलून दुसरीत "हेच सांगितलं" म्हणून उरकलं, की तो गट पुढच्या वेळी मागच्या रांगेत जाऊन बसतो. कुठली भाषा आधी, ते आलटून-पालटून ठेवा.

"हिंदीत सगळ्यांना कळतं" म्हणून सुटका करून घेऊ नका. खेड्यातून येणाऱ्या वयस्क कन्नड बायकांना हिंदी येत नाही, आणि येत नाही असं त्या सांगतही नाहीत.

तिघे उभे असताना दोघांनी तिसऱ्याला न कळणाऱ्या भाषेत बोलू नये, हा नियम साहेबांनी आधी स्वतः पाळावा. मला ही सवय मोडायला वर्ष लागलं.

## टप्पा ८: ताणाचे दिवस

१ नोव्हेंबरला इथे राज्योत्सव, म्हणजे कर्नाटकाचा स्थापनादिन असतो, आणि त्याच दिवशी याच शहरात बेळगाव महाराष्ट्रात न आल्याच्या निषेधात मराठी माणसांकडून काळा दिनही पाळला जातो. १७ जानेवारीला मराठी माणसं सीमालढ्यातल्या हुतात्म्यांना अभिवादन करतात. डिसेंबरात इथल्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की सीमाप्रश्न पुन्हा तापतो. कोण बरोबर, याचा निवाडा कारखान्यात होणार नाही. दोन्ही बाजूंच्या माणसांना तो विषय घरातला आहे, हे मानून वागायचं.

1. झेंडे, बिल्ले आणि मशीनवरचे स्टिकर यांचा नियम शांत दिवसांत करा, ऑगस्टमध्ये म्हणा. कन्नड लाल-पिवळ्या झेंड्याला आणि भगव्याला नियम एकच. एकाला सूट आणि दुसऱ्याला मनाई झाली, की नियम मेला.
2. १ नोव्हेंबरला सुट्टीच असते, खरी कसोटी २ तारखेची. "काल कुठे होतास?" हा प्रश्न कुणीही कुणाला विचारायचा नाही, सुपरवायझरने तर मुळीच नाही.
3. कामाच्या व्हॉट्सॲप गटावर फक्त काम. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात गटप्रमुखांखेरीज इतरांचे संदेश बंद ठेवले तरी चालेल. सगळ्यांना सारखंच लागू असेल तर कुणी कुरकुरत नाही.
4. वातावरण तापलं असेल तेव्हा महाराष्ट्र पासिंगच्या गाड्या आणि सीमेपलीकडून येणारे कामगार यांचा रस्ता आणि वेळ सकाळीच तपासा. उशीर झाला तर पगार कापू नका.

इशारा: तक्रार आली तर ती त्याच भाषेच्या माणसाकडे "तुमच्यातलं तुम्ही बघा" म्हणून ढकलू नका. दोन भाषांचे दोघं मिळून ऐकणारे ठेवा, तक्रार करणाऱ्याच्या शब्दांत लिहून घ्या, त्याला वाचून दाखवा आणि आठ दिवसांत उत्तर द्या.

## टप्पा ९: आता कार्यक्रम

वरचं सगळं सहा महिने चालल्यावर कार्यक्रम घ्या, आणि तो कारखान्याचा स्वतःचा असू द्या. माझ्या मते त्यासाठी खंडेपूजनाइतका चांगला दिवस नाही. कन्नडमध्ये तीच आयुधपूजा. मशीन पुसायची, हार घालायचा. दसऱ्याची पानं देताना आपण "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणतो, आणि ते "बन्नी तगोंडु बंगारदंग इरोण" म्हणतात. अर्थ तोच. दोन्ही वाक्यं सगळ्यांना शिकवा.

कुंकू लावायला, आरतीला उभं राहायला कुणालाही सांगू नका. मुस्लिम किंवा ख्रिश्चन सहकाऱ्याला मशीन पुसून हार आणून द्यायला आवडेल, कुणाला तेही नको असेल. आदल्या दिवशी एकट्याला विचारा आणि मिळेल ते उत्तर मान्य करा. गोड म्हणून कुंदा आणा, तो शाकाहारी असतो आणि घरी बांधूनही नेता येतो.

आयोजनाची जबाबदारी दरवर्षी वेगळ्या जोडीला द्या, भाषा वेगळी आणि विभागही वेगळा. मागच्या दसऱ्याला आमच्याकडे हे काम वडगावची एक मराठी मुलगी आणि सौंदत्तीकडचे एक वयस्क फिटर यांच्याकडे होतं. खरेदीची यादी तिने कन्नडमध्ये लिहिली होती, आणि अण्णांनी त्यातली चुकलेली तीन अक्षरं पेन्सिलीने दुरुस्त करून कागद तिला परत दिला होता.